मोठ्या माणसांच्या पुस्तकांतील लहान मूल

बालपणाविषयीं लिहूं लागलें कीं आमच्या बहुतेक लेखकांची लेखणी एकाएकीं ओली होते. एरवीं जो गृहस्थ गणपतीच्या वर्गणीच्या हिशेबांतहि चूक शोधून काढील, तो आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगूं लागला म्हणजे त्याचें गांव स्वर्गाच्या सीमेवर असतें, तेथील विहिरीचें पाणी अमृताहून गोड असतें, आजी ही साक्षात् देवता असते, आणि तो स्वतः निष्पाप, निर्भय व सदा आनंदी असा बालक असतो. अशीं पुस्तकें दरसाल निघतात. तीं वाईट असतात असें नाहीं. परंतु एक मिटून दुसरें उघडलें तर गांवाच्या नांवाखेरीज फारसा फरक जाणवत नाहीं. ह्या सर्व लेखकांपैकीं कोणाला लहानपणीं अंधाराची भीति वाटली नाहीं, कोणीं कोणाची पाटी फोडली नाहीं, पाहुण्यांदेखत कोणाची फजिती झाली नाहीं, हें खरें मानावयाचें तर कोंकणापासून वऱ्हाडापर्यंत त्या काळीं मुलें जन्मतच नव्हतीं, नुसते बाळकृष्ण जन्मत होते, असें म्हणावें लागेल.

ह्यांतच अलीकडे एका उपदेशाची भर पडली आहे. आपल्यांतील लहान मूल जागें ठेवावें, असें व्याख्यानांतून, नियतकालिकांतून आणि मानसशास्त्राच्या सुबोध पुस्तकांतून आपणांस वारंवार सांगण्यांत येतें. एरिक बर्न ह्या मानसवैद्यानें प्रत्येक माणसाच्या मनांत पालक, प्रौढ आणि मूल अशा तीन अवस्था नांदत असतात असें प्रतिपादन केलें, आणि १९६४ सालीं निघालेल्या त्याच्या 'गेम्स पीपल प्ले' ह्या पुस्तकामुळें ती कल्पना सर्वतोमुखीं झाली. मूळ कल्पनेंत पुष्कळ अर्थ आहे. बर्नच्या मुलांत हौस आहे, तशी मोठ्यांच्या धाकानें आलेली भेदरट आज्ञाधारकताहि आहे आणि रुसवाहि आहे. परंतु ती लोकप्रिय होतां होतां तिच्यांतला धाक आणि रुसवा गळून पडला व हौस तेवढी उरली. पावसांत भिजावें, पतंग उडवावा, भेळ खावी, रंगांची पेटी विकत आणावी, म्हणजे अंतरींचें मूल संतुष्ट होतें, असा हा सुटसुटीत विधि आहे. भेळ आम्हांसहि आवडते. मात्र ती खाण्यासाठीं बालपणाची साक्ष काढण्याची गरज आम्हांस कधीं भासली नाहीं.

ह्या उपदेशाच्या पाठीशीं तुकोबांना उभें करण्याचीहि चाल आहे. त्यांनीं देवाजवळ लहानपण मागितलें, हें प्रत्येकाच्या तोंडीं असतें. परंतु तो अभंग पुढें वाचून पाहिला तर मागणें निराळेंच आहे असें दिसून येईल. तेथें थोर हत्तीला अंकुश सोसावा लागतो आणि क्षुद्र मुंगीला साखर मिळते. महापुरांत वृक्ष वाहून जातात, लव्हाळीं तेवढीं टिकून राहतात. मुंगी म्हणजे कांहीं हत्तीचें बाळ नव्हे, आणि लव्हाळें मोठें होऊन त्याचा वटवृक्ष होत नाहीं. तुकोबांना हवें आहे तें धाकुटेपण, मोठेपणाच्या अहंकाराचा त्याग. वयाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं. बालपणाच्या गोडव्याचा पुरावा म्हणून तो अभंग पुढें करणें म्हणजे दुसऱ्याच खटल्यांतला साक्षीदार ह्या खटल्यांत उभा करण्यासारखें आहे.

आमचा प्रश्न साहित्यापुरता आहे. प्रौढ लेखक मुलाविषयीं लिहितो तेव्हां त्याच्या मनांत तें मूल खरोखर शिल्लक असतें, कीं भिंतीवर नुसती त्याची तसबीर टांगलेली असते, हें ओळखावें कसें? आनंदाच्या वर्णनावरून तें ओळखतां येत नाहीं, कारण आनंद उसना आणतां येतो. पहिला पाऊस, आंब्याची आढी, जत्रेंतलें भिरभिरें, एवढी सामग्री जमवली कीं कोणाहि लेखकाचें काम भागतें. ओळखण्याची खरी जागा दुसरी आहे. लहानपणीं हरवलेला एखादा आणा, वर्गांत सर्वांसमोर झालेलें हंसें, दुसऱ्याच्या हातून फुटलेल्या बरणीबद्दल खाल्लेला मार, हे प्रसंग मोठेपणीं पुष्कळांना आठवतात. परंतु आठवतात ते मोठ्या माणसाच्या मापानें. आणा तो केवढा, आणि त्याच्यासाठीं आपण रात्रभर तळमळलों, काय वेडे होतों, असें म्हणून माणूस हंसतो व दुसऱ्या गोष्टीकडे वळतो. त्या रात्रीं मात्र तो नुसता आणा नव्हता. वडिलांचा चेहरा, आईचा विश्वास, उद्यांची सकाळ, सारें त्यांत बुडालें होतें. प्रसंग आठवणें निराळें आणि त्याचें त्यावेळचें माप आठवणें निराळें. ज्याच्याजवळ हें माप शाबूत आहे त्याच्यांत मूल जिवंत आहे, असें आम्ही समजतों. मग तो गृहस्थ जन्मांत पतंगाला शिवला नसला तरी हरकत नाहीं.

ह्या दृष्टीनें साने गुरुजींची 'श्यामची आई' पुन्हां एकदां वाचून पाहण्यासारखी आहे. गुरुजींनीं ती १९३३ च्या फेब्रुवारींत नाशिकच्या तुरुंगांत लिहिली आणि १९३५ सालीं ती प्रसिद्ध झाली. तेव्हांपासून ती आईचें स्तोत्र म्हणून घरोघर वाचली जाते. १९५३ सालीं आचार्य अत्र्यांनीं काढलेल्या चित्रपटानें ह्या समजुतीवर कायमचा शिक्का मारला. आई थोर आहे, ह्यांत वाद नाहीं. परंतु पुस्तकाचें नांव क्षणभर बाजूला ठेवून वाचलें तर आपल्यासमोर उभा राहतो तो एक भित्रा, लाजरा, प्रसंगीं हट्टी असा मुलगा, आणि त्याच्याकडे टक लावून पाहणारा तेहेतीस वर्षांचा एक कैदी.

पोहण्याची गोष्ट घ्या. गांवांतलीं इतर मुलें पोहावयास शिकत आहेत, श्यामला पाण्याची भीति वाटते. पोरें बोलवावयास येतात तेव्हां तो घरांत दडून बसतो. आई त्याला हुडकून काढते आणि शिंपटीनें झोडपते. मोठ्या मापानें लिहावयाचा तर हा प्रसंग दोन ओळींत संपला असता: लहानपणीं पाण्याला भीत होतों, आईनें धीट केलें. गुरुजी तसें करीत नाहींत. त्या भीतीला ते मोठेपणाच्या उंचीवरून हंसत नाहींत. मार बसत असतांनाहि पाण्यापेक्षां मार बरा असें ज्या मुलाला वाटतें, त्याच्या बाजूला ते कांहीं क्षण उभे राहतात. दुसरा प्रसंग वटसावित्रीचा. आई आजारी आहे, वडाला प्रदक्षिणा घालण्याची शक्ति तिच्या अंगांत नाहीं, म्हणून ती आपल्याऐवजीं श्यामला पाठवते. बायकांच्या घोळक्यांत एकट्या मुलानें वडाभोंवतीं फिरावयाचें! ओळखीचीं पोरें पाहतील, उद्यां शाळेंत सांगतील. हा संकोच मोठ्या माणसाला हास्यास्पद वाटेल, परंतु ज्यानें तो वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षीं भोगला असेल त्याला ठाऊक आहे कीं पृथ्वी दुभंगून पोटांत घेईल तर बरें, असें वाटण्यासाठीं सीतेइतका मोठा प्रसंग लागत नाहीं. मुलाचें आईवरचें प्रेम किती, हें ह्या पुस्तकांत अश्रूंच्या पानांपेक्षां ह्या लाजेच्या पानांत अधिक कळतें. कारण तो जातो, फिरतो, आणि लाज वाटत असतांना फिरतो.

येथें आमची एक तक्रारहि नोंदवली पाहिजे. पुस्तकाची मांडणी अशी आहे कीं मोठा झालेला श्याम रात्रींच्या वेळीं आपल्या मित्रांना ह्या गोष्टी सांगत आहे, आणि अशा बेचाळीस रात्री आहेत. त्यामुळें लहान श्यामला जें वाटलें तें सांगून होतें न होतें तोंच मोठा श्याम त्याचा अर्थ सांगूं लागतो. मुलगा वडाभोंवतीं अजून फिरतो आहे, आणि इकडे देश, धर्म, सेवा ह्यांवर प्रवचन सुरूं झालें आहे! पुष्कळ घरांत हीं प्रवचनेंच मुलांकडून मोठ्यानें वाचून घेतात, आणि मूळ प्रसंग मुलें चोरून पुन्हां वाचतात. गुरुजींवर ह्याचा सारा दोष टाकणें अन्यायाचें होईल. तुरुंगांत बसून देशासाठीं लिहिणाऱ्या माणसाला आपल्या बालपणाचा उपयोग व्हावा असें वाटणें स्वाभाविक होतें. परंतु उपयोगाचा विचार आला कीं माप बदलतें. पुस्तकाचीं जीं पानें कोठेंहि उपयोगी पडण्यासारखीं नाहींत तींच त्यांतलीं सर्वांत उत्तम पानें आहेत, असें आमचें मत आहे.

बालकवींच्या बाबतींत घोटाळा त्यांच्या नांवापासूनच सुरूं होतो. त्र्यंबक बापूजी ठोमरे १९०७ सालीं जळगांवच्या कविसंमेलनांत कविता म्हणावयास उभे राहिले तेव्हां ते जेमतेम सतरा वर्षांचे होते. तेथें कर्नल कीर्तिकरांनीं दिलेली 'बालकवि' ही पदवी त्यांना आयुष्यभर, म्हणजे पुढें अवघीं अकरा वर्षें, चिकटून राहिली. पदवी कौतुकाची खरी. परंतु तिनें वाचकांना एक चुकीची किल्ली दिली. 'फुलराणी' आणि 'श्रावणमास' ह्या कविता बालकाच्या, आणि 'पारवा' सारखी उदास कविता मात्र त्याच कवीच्या मनावर पुढें पडलेल्या सांवटाची, अशी वांटणी करण्याची आमच्याकडे जी पद्धत पडली आहे ती ह्या किल्लीमुळें. आम्हांस ती वांटणी मान्य नाहीं. ओसाड जागीं एकटाच घुमत बसलेला पारवा ज्यानें लहानपणीं दुपारच्या वेळीं ऐकला असेल त्याला विचारावें कीं ती उदासी कोणत्या वयाची आहे. कारणावांचून दाटून येणारें, ज्याला नांव देतां येत नाहीं असें औदासीन्य मुलाजवळ असतें. मोठ्या माणसाच्या औदासीन्याला बहुधा कारण असतें, निदान पत्ता तरी असतो. 'औदुंबर' ह्या आठ ओळींच्या कवितेंत तर दोन्ही एकत्र नांदतात. झाड पाण्याशीं असें जाऊन बसतें कीं मुलानेंच तसें बसावें, आणि तरी त्या पाण्याकडे पाहून मन प्रसन्न होत नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'तले ठोमरे ज्यांनीं पाहिले आहेत, घरांतल्या एखाद्या रुसणाऱ्या मुलासारखे टिळकांकडे वावरणारे, त्यांना आमचें म्हणणें पटावयास हरकत नसावी.

आतां आम्ही ज्या पुस्तकांसाठीं हा लेख लिहावयास घेतला त्यांच्याकडे वळतों. प्रकाश नारायण संत ह्यांचीं 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७), 'पंखा' (२००१) आणि 'झुंबर' हीं चार पुस्तकें म्हणजे लंपन नांवाच्या एका मुलाच्या कथा. लेखक भूशास्त्राचे प्राध्यापक, कराडच्या महाविद्यालयांत शिकवणारे. आरंभींच्या कांहीं कथा 'सत्यकथा' मासिकांत आल्या होत्या. पुढें फार वर्षांचा खंड पडला, आणि लेखकाची पन्नाशी उलटल्यावर लंपन पुन्हां बोलूं लागला. मधल्या काळांत तो कोठें होता असा प्रश्न पडावा इतका त्याचा आवाज अखंड आहे. दगडांचा अभ्यास करणाऱ्या माणसाला एखादी गोष्ट थरांखालीं जशीच्या तशी राहते ह्याचें आश्चर्य वाटत नसावें.

लंपन आजी-आजोबांजवळ राहतो. आईवडील दुसऱ्या गांवीं आहेत, भावंडें त्यांच्यापाशीं आहेत. गांव बेळगांवच्या बाजूचें, जेथें मराठी बोलतां बोलतां कानडी शब्द सहज तोंडांत येतो. आजी मायेची आहे, घर भरलेलें आहे, मित्र आहेत, सुमी आहे, शाळा आहे, गाण्याचा क्लास आहे. लंपनला कशाचीहि ददात नाहीं. आणि तरी आपण येथें कां, तेथें कां नाहीं, हा प्रश्न प्रत्येक कथेच्या तळाशीं पाण्यासारखा पाझरत असतो. तो प्रश्न लंपन कधीं सरळ विचारीत नाहीं. आपल्याला दुःख झालें आहे हें त्याला ठाऊकच नसतें. घशाशीं काय होतें, पोटांत काय होतें, एवढें तो सांगतो आणि लगेच दुसऱ्या कशाबद्दल बोलूं लागतो. दुःख हा शब्द वाचकाला आपल्या पदरचा घालावा लागतो. साने गुरुजींचा मोठा श्याम जेथें बोलावयास उभा राहतो, नेमक्या त्याच जागीं संत आपल्या मोठेपणाला खोलीबाहेर उभें करतात. चार पुस्तकांत तो मोठा माणूस एकदांहि दार लोटून आंत येत नाहीं. हा संयम किती कठीण आहे, हें ज्यानें स्वतः चार पानें आठवणी लिहून पाहिल्या असतील त्याला सांगावयास नको.

लंपनची भाषा हा ह्या कथांचा सर्वांत मोठा विजय होय. 'मॅड' हा त्याचा लाडका शब्द. कोणतीहि गोष्ट फार झाली, फार आवडली, फार खटकली कीं ती मॅडसारखी होते. आंकडे तो हजारांनीं आणि लाखांनीं फेंकतो. एखादी गोष्ट आपण दहा वेळां सांगितली असें तो म्हणणार नाहीं, त्याला हजारांखालीं आंकडाच सुचत नाहीं. वाचक ह्याला विनोद समजून हंसतो, आणि विनोद त्यांत आहेच. परंतु आम्ही वर ज्याला माप म्हटलें तें हेंच. मुलाच्या जगांत दहा वेळां सांगावें लागणें हें खरोखरच हजार वेळां असतें. मोठा माणूस त्यांतून अतिशयोक्ति वजा करतो आणि शिल्लक उरेल तें सत्य मानतो. संत कांहींच वजा करीत नाहींत.

एका बाबतींत आम्हांस लेखकाशीं भांडावयाचें आहे. ही भाषा पहिल्या दोन पुस्तकांत गरजेंतून येते, पुढच्या दोहोंत ती कधीं कधीं संवयीनें येते. लंपन बोलतो म्हणजे 'मॅड' म्हणणारच, आंकडे फुगवणारच, असें वाचकाला आधींच कळूं लागतें, आणि जें आधीं कळतें त्यांतला जिवंतपणा कमी होतो. शिवाय लंपनची संवेदनक्षमता क्वचित् इतकी तरल होते कीं सकाळच्या उन्हांत, सुरांत, सुगंधांत तो एखाद्या प्रौढ कवीसारखा विरघळतो, आणि मग त्याच्या आईची आठवण होते. ही आई म्हणजे कथेंतली नव्हे, लेखकाची. प्रकाश नारायण संत हे इंदिरा संत व ना. मा. संत ह्या कविदांपत्याचे पुत्र. आजोळीं दत्तक गेल्यामुळें कागदोपत्रीं त्यांचें नांव भालचंद्र दीक्षित असें होतें; महाविद्यालयांत ते दीक्षित म्हणूनच वावरले. कथा लिहितांना मात्र त्यांनीं जन्माचें नांव आणि वडिलांचें नांव उचललें. टोपणनांव घेऊन माणूस आपल्याला लपवतो अशी आमची कल्पना आहे. येथें टोपणनांव म्हणून जें घेतलें तेंच घरचें नांव होतें. लंपनच्या कथांवर पुष्कळ टीका लिहिली गेली आहे, परंतु त्यांच्या मुखपृष्ठावरच्या ह्या तीन शब्दांइतकी नेमकी टीका दुसरी नसेल.

कोणी म्हणेल, हें सारें मान्य. परंतु मुलाची भीति, लाज, एकटेपण हें जपून ठेवून मोठ्या माणसाला लाभ काय? ह्या प्रश्नाला रवींद्रनाथांच्या आयुष्यांतून एक उत्तर मिळतें असें आम्हांस वाटतें. 'जीवनस्मृति' ह्या १९१२ सालच्या आत्मचरित्रांत त्यांनीं आपल्या लहानपणच्या एका नोकराची हकीकत सांगितली आहे. (योगायोग असा कीं ह्या नोकराचेंहि नांव श्यामच होतें.) मुलावर लक्ष ठेवण्याचा कंटाळा आला कीं हा श्याम जमिनीवर खडूनें एक वर्तुळ काढी, त्यांत छोट्या रवीला बसवी, आणि रेषेबाहेर पाऊल टाकलेंस तर अनर्थ होईल अशी बोट दाखवून तंबी देऊन निघून जाई. मुलानें रामायण ऐकलेलें होतें; रेषा ओलांडल्यावर सीतेचें काय झालें हें त्याला माहीत होतें. तो तासन् तास त्या वर्तुळांत बसून खिडकींतून खालचा तलाव, त्याचा घाट आणि कांठचा वड पाहत राही. जोडासांकोच्या श्रीमंत वाड्यांतला हा कैदी पुढें जगद्विख्यात कवि झाला, परंतु वर्तुळाबाहेर तो पूर्णपणें कधींच आला नाहीं. पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यानें 'डाकघर' हें नाटक लिहिलें. त्यांतला अमल आजारी आहे. वैद्यानें त्याला बाहेर जाण्याची मनाई केली आहे. खिडकीशीं बसून तो दहीवाल्याशीं, पहारेकऱ्याशीं, फुलें वेंचणाऱ्या सुधेशीं बोलतो आणि राजाच्या पत्राची वाट पाहतो. खडूची रेषा गेली, खिडकी राहिली. वर्तुळांतलें तें बसणें मोठेपणीं 'गंमत' म्हणून सांगून टाकलें असतें तर अमल जन्माला येताच ना.

ह्या नाटकाचा एक प्रयोग आमच्या विषयाच्या अगदीं जवळचा आहे. १८ जुलै १९४२ रोजीं वॉर्सा शहरांत, जर्मनांनीं भिंत घालून ज्यू लोकांना कोंडलेल्या भागांत, एका अनाथगृहांतील मुलांनीं 'डाकघर' करून दाखविलें. अनाथगृहाचे चालक डॉक्टर यानुश कोर्चाक. हेंहि लेखनापुरतें घेतलेलें नांव, मूळ नांव हेन्रिक गोल्डश्मिट. प्रयोगानंतर तीन आठवड्यांच्या आंत, ऑगस्टच्या आरंभीं, तेथील सुमारें दोनशें मुलांना त्रेब्लिंकाच्या संहारछावणीकडे नेण्यांत आलें, आणि स्वतःला वांचवितां येणें शक्य असतांहि कोर्चाक त्यांच्याबरोबर गेले. ही कथा जगभर इतक्या आदरानें सांगितली जाते कीं त्या आदरापायीं कोर्चाक ह्यांचीं पुस्तकें वाचावयाचें राहून जातें. आपल्याकडे संतांचें जें होतें तेंच तेथें त्यांचें झालें आहे.

१९१२ सालीं सुरूं झालेल्या त्या अनाथगृहांत त्यांनीं मुलांचें एक न्यायमंडळ चालविलें होतें. कोणीं मारलें, चिडवलें, वस्तु उचलली तर मुलांनीं तेथें फिर्याद करावयाची आणि मुलांनींच निकाल द्यावयाचा. कायद्याचीं पहिलीं नव्याण्णव कलमें निरनिराळ्या कारणांनीं क्षमा करण्याचीं होतीं. त्यापुढें मात्र शंभर, दोनशें अशीं हजारापर्यंत चढत जाणारीं कडक कलमें. शिक्षकांवरहि फिर्याद करतां येई, आणि स्वतः कोर्चाक ह्यांना त्या न्यायासनापुढें एकाहून अधिक वेळां उभें राहावें लागलें. मुलांचें वकीलपत्र घेणारे पुष्कळ असतात. मुलांचा आरोपी होण्यास तयार असणारा माणूस विरळा. आमच्या शाळांतून व घरांतून असा प्रयोग झाला तर किती वडीलमंडळींना पहिल्या नव्याण्णव कलमांत बसवितां येईल, ह्याचा अंदाज ज्यानें त्यानें आपल्यापुरता करावा.

त्यांचें जें पुस्तक येथें आम्हांस अभिप्रेत आहे तें १९२५ सालचें. त्याच्या पोलिश नांवाचा अर्थ 'मी पुन्हां लहान होईन तेव्हां' असा होतो. थकलेल्या एका शाळामास्तराला वाटतें, पुन्हां लहान व्हावें, सारे त्रास संपतील. एक बुटका यक्ष येऊन ती इच्छा पुरी करतो. सकाळीं तो मुलगा होऊन जागा होतो, मात्र मोठेपणाची आठवण त्याला असते. आमच्या आठवणीकारांनीं ही कल्पना हातीं घेतली असती तर पुढें आमराई, झरे आणि आजीच्या हातचे लाडू आले असते. कोर्चाक त्या मुलाला शाळेंत धाडतात. मुलगा उत्साहानें निघतो आणि लवकरच त्याच्या ध्यानीं येतें कीं मोठीं माणसें आपल्याशीं बोलतांना ऐकत नाहींत, धांवतांना अडवतात, खरें सांगितलें तर संशय घेतात, आणि लहानसहान गोष्टीबद्दल असा अपमान करतात कीं तसा त्यांनीं बरोबरीच्या माणसाचा कधीं केला नसता. एक भटका कुत्रा त्याला लळा लावतो. पण कुत्र्याला ठेवावयाचें कोठें ह्याचा अधिकार मोठ्यांकडे. आनंद आहे, खेळ आहे, मैत्री आहे. परंतु तो आनंदहि कोणाच्या तरी परवानगीवर चालणारा. प्रस्तावनेंत कोर्चाक ह्यांनीं मोठ्यांना एक गोष्ट सुनावली आहे. मुलांशीं वागणें दमविणारें असतें कारण त्यांच्यासाठीं खालीं वांकावें लागतें, असा मोठ्यांचा समज असतो. कोर्चाक म्हणतात, दमणूक खरी, पण ती मुलांच्या भावनांपर्यंत पोंचावयास टांचा उंचवाव्या लागतात म्हणून.

पुस्तकाचा शेवट असा आहे कीं मुलगा झालेला तो मास्तर अखेर पुन्हां मोठें होण्याची इच्छा करतो आणि मोठा होतो. हा शेवट निराशेचा आहे असें कित्येकांना वाटेल. बालपणांतच राहण्याची संधि मिळाली असतां ती त्यानें सोडली, हें त्यांना रुचणार नाहीं. आम्हांस मात्र ह्या शेवटांत एक प्रकारची सचोटी दिसते. संतांनीं लंपनला चार पुस्तकांत फारसें मोठें होऊं दिलें नाहीं. ती कलावंताची मुभा होती, आणि ती त्यांनीं सुरेख वापरली. कोर्चाक ह्यांच्या मास्तराला ती मुभा नव्हती. वर्गांत पोरें येऊन बसलीं होतीं, आणि त्यांना शिकवावयाला कोणी तरी मोठा माणूस हवा होता.